सात क्रमांकाचे लाकूड

पन्नाशी उलटलेला गृहस्थ लाकडाच्या शोधात आहे असे कानी आले की, आपल्या समाजात ऐकणाराच्या मनात एकच कल्पना उभी राहते आणि ती फारशी मंगल नसते. 'गोवऱ्या पुढे गेल्या' हा वाक्प्रचार ज्या भाषेने घडविला, तिच्यात लाकडांचा उल्लेख वयस्कांनी जपूनच करावा हे बरे. म्हणून आरंभीच खुलासा केला पाहिजे की, गेले तीन महिने आम्ही ज्या लाकडाच्या निवडीत गढून गेलो होतो ते गोल्फच्या खेळातील लाकूड होय. त्याचा स्मशानाशी काही संबंध नाही. आणि खरे सांगावयाचे तर लाकडाशीही नाही.

गोल्फच्या काठ्यांत 'वूड' म्हणजे लाकूड आणि 'आयर्न' म्हणजे लोखंड असे दोन मुख्य वर्ण आहेत. लांब पल्ल्याच्या, जाड डोक्याच्या काठ्या ती लाकडे. आखूड पल्ल्याच्या, पातळ पात्याच्या काठ्या ती लोखंडे. एके काळी ही नावे अक्षरशः खरी होती. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात लाकडांची डोकी अमेरिकेतील पर्सिमन नावाच्या वृक्षाच्या कठीण लाकडातून कोरून काढीत. हा वृक्ष आपल्या टेंभुर्णीचा जवळचा आप्त. जिच्या पानांत तंबाखू वळून विड्या होतात, त्याच टेंभुर्णीच्या कुळातला. १९७९ साली गॅरी अ‍ॅडम्स या अमेरिकन गृहस्थाने टेलरमेड नावाची कंपनी काढून पोकळ पोलादी डोक्याचे 'लाकूड' बाजारात आणले, आणि पुढल्या पंधरा-वीस वर्षांत खरे लाकूड या खेळातून जवळजवळ हद्दपार झाले. नाव मात्र राहिले. ज्या समाजात पोलादाच्या भांड्यास बिनदिक्कत 'ग्लास' म्हणून त्यातून पाणी पितात, त्या समाजातील वाचकांस या नामविपर्यासाचे नवल वाटू नये.

एका मराठी प्राध्यापकाने गोल्फ खेळावा, याचे मात्र पुष्कळांस नवल वाटते. हा साहेबांचा, सरदारांचा आणि अलीकडे कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा खेळ. खडूने हात पांढरे करणाऱ्याने संध्याकाळी फार तर पर्वतीच्या पायऱ्या चढाव्यात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हा खेळ या देशात तसा नवा नाही. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, म्हणजे ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना होय. आणि मुंबईस चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान १९२७ सालापासूनचे आहे. परंतु जुना असला म्हणून तो आपला झाला असे नव्हे. आम्ही त्यात पडलो ते एका स्नेह्यांच्या आग्रहामुळे. हे स्नेही पाटबंधारे खात्यात अभियंते होते आणि वयाने आमच्याहून दहा वर्षांनी वडील. आमच्या चाळिशीत वैद्यांनी आम्हांस रोज चार मैल चालण्याची आज्ञा केली, तेव्हा ते म्हणाले, "प्राध्यापक, नुसते चालून तुम्ही आठ दिवसांत कंटाळाल. चालण्याच्या वाटेवर एक चेंडू टाकून पाहा. मग मैल मोजण्याचे भानही राहणार नाही." त्यांचे म्हणणे खरे ठरले. गेली चौदा वर्षे दर रविवारी पहाटे शहरालगतच्या मैदानावर आम्ही दोघे बरोबर चाललो. त्या सोबतीशी या निबंधाचा जो संबंध आहे तो पुढे येईलच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करणे भाग आहे. खेळाडूच्या पिशवीत नियमाने चौदांपेक्षा अधिक काठ्या असू शकत नाहीत. अमेरिकेच्या नियामक संस्थेने हा दंडक १९३८ साली घातला व स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने १९३९ साली. तत्पूर्वी काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्यांचे ओझे हरकाम्याच्या खांद्यावर देऊन फिरत. प्रत्येक काठीच्या डोक्याचे तोंड लंबरेषेपासून मागे कललेले असते. या कलण्यास 'लॉफ्ट' म्हणतात आणि तो अंशांनी मोजतात. पहिल्या तडाख्याच्या मोठ्या लाकडाचा, म्हणजे ड्रायव्हरचा, कल दहा अंशांच्या आसपास असतो. परंतु त्याचा चेंडू खुंटीवर ठेवून मारावयाचा असतो. पुढे गवतावर पडलेला चेंडू दूर धाडण्यासाठी जी लाकडे आहेत त्यांस 'फेअरवे वूड' असे नाव आहे. त्यांत तीन क्रमांकाचा कल साधारण पंधरा अंश, पाचाचा अठरा, साताचा एकवीस आणि नवाचा चोवीस. क्रमांक वाढतो तसा कल वाढतो, दांडा आखूड होतो, डोके लहान होते, चेंडू उंच जातो. आणि कागदावरच्या हिशोबाने पल्ला कमी होतो. आमच्यापुढे प्रश्न होता तो एवढाच की, बारा वर्षे वापरलेले तीन क्रमांकाचे लाकूड पिशवीतून काढून त्याच्या जागी सात क्रमांकाचे घालावे की काय.

प्रश्न एवढाच होता खरा, परंतु असल्या एवढ्याशा प्रश्नांतच माणसाचा स्वभाव पकडला जातो.

या लाकडांस पूर्वी क्रमांक नव्हते, नावे होती. दोन क्रमांकाच्या तळाला पितळी पत्रा असे म्हणून ती 'ब्रासी'. तिनाचे तोंड पूर्वी किंचित खोलगट असे म्हणून तो 'स्पून', म्हणजे चमचा. त्याहूनही अधिक कललेले आणि आखूड दांड्याचे एक लाकूड होते, ते 'बॅफी'. चेंडू उंच उडवून अलगद उतरविणे हे तिचे काम. लोखंडी काठ्यांची चलती झाली तेव्हा बॅफी मागे पडली. हे सांगण्याचे कारण असे की, उंच उडविणारे लाकूड ही नव्या जमान्याने दुबळ्यांसाठी काढलेली पळवाट आहे असे जे कित्येक समजतात, ते बरोबर नाही. चेंडू पिसांचा होता तेव्हापासून तो उंच धाडण्याची निकड माणसास भासत आली आहे.

चेंडू उंच जातो कसा, याविषयी मात्र खेळणारांतही विलक्षण गैरसमज आहेत. नवशिका मनुष्य गवतावरचा चेंडू पाहतो आणि त्यास उचलावयास जातो. खांदा खाली टाकतो, मनगटे वळवितो, आणि जणू विहिरीतून बादली ओढावी तसा काठी वर ओढतो. परिणामी काठी चेंडूच्या मागे जमिनीत तरी रुतते, नाहीतर चेंडूच्या डोक्यावर बसून त्यास सशासारखा गवतातून पळविते. वस्तुतः चेंडू उचलण्याचे काम खेळाडूचे नव्हेच. ते तोंडाच्या कलाचे. तोंड कललेले असले म्हणजे आघाताबरोबर चेंडूस उलटी फिरकी मिळते, म्हणजे त्याचा वरचा भाग मागच्या दिशेस फिरू लागतो. त्या योगे तो आपल्या भोवतालची हवा खाली लोटतो आणि हवा त्यास वर लोटते.

हे रहस्य ज्यांनी गणिताने उकलले ते एक प्राध्यापकच होते, हे नमूद करताना आम्हांस जातिबांधवाचा अभिमान वाटतो. पीटर गथ्री टेट हे १८६० पासून एडिंबरा विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. लॉर्ड केल्व्हिन यांच्या जोडीने त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८६७ साली बाहेर पडला आणि त्याने एका पिढीस विज्ञान शिकविले. सुट्टीत ते सेंट अँड्र्यूज येथे गोल्फ खेळत. चेंडू हवेत इतका वेळ टिकतो कसा, हा प्रश्न त्यांस पडला. आणि १८९० नंतरच्या दशकात त्यांनी फिरत्या गोलाच्या गतीवर निबंध लिहून उलटी फिरकी हेच त्याचे कारण असल्याचे दाखविले. त्या आधी बहुतेक खेळाडूंची समजूत अशी की, फिरकी हा दोष आहे आणि उत्तम तडाख्यात ती नसावी. टेट यांचे चिरंजीव फ्रेडी हे या खेळातील निष्णात. १८९६ व १८९८ या दोन्ही साली ते हौशी खेळाडूंचे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. बाप चेंडूचा मार्ग कागदावर काढीत होता आणि मुलगा तोच मार्ग आकाशात काढीत होता. सन १९०० मध्ये फ्रेडी दक्षिण आफ्रिकेच्या युद्धात कामास आले. १९०१ साली टेटही गेले. चेंडूच्या उड्डाणाची ती समीकरणे वाचताना हा मजकूर ठाऊक असलेल्या वाचकास त्यांत केवळ गणित दिसत नाही.

टेट यांनी जे समीकरणांत मांडले तेच आमच्या मैदानावरील एका वृद्ध कॅडीने आम्हांस एका वाक्यात सांगितले आहे. त्यांस सर्वजण मामा म्हणतात. जवळच्याच वस्तीत त्यांचा जन्म गेला. लहानपणी हरवलेले चेंडू शोधून देण्यापासून त्यांनी आरंभ केला, आणि आता साठीच्या घरात ते मोजक्या मंडळींच्या पिशव्या उचलतात. आम्ही तीन क्रमांकाच्या लाकडाने झगडत असता ते बराच वेळ गप्प राहत आणि मग म्हणत, "सर, तुम्ही नुसतं मारा. उचलायचं काम त्याचं हाय, त्याला करू द्या." या उपदेशात एक अट गुप्त होती. काठीचा कल पुरेसा असेल आणि तिचा वेग पुरेसा असेल, तरच ती आपले काम करू शकते. पंधरा अंशांचे लाकूड गवतावरच्या चेंडूस वर न्यावयास वेग मागते. तो वेग तरुणांपाशी असतो. जो मंद गतीने काठी फिरवितो त्याच्या चेंडूस पुरेशी उंचीही मिळत नाही आणि पुरेशी फिरकीही मिळत नाही. तो थोडा वर येतो, दमतो आणि पडतो. अशा मनुष्याच्या हाती कागदावर कमी पल्ल्याची काठी प्रत्यक्षात पुष्कळदा तितकाच, क्वचित अधिकही, पल्ला देते. कारण तिचा चेंडू हवेत राहतो.

दोन वर्षांपूर्वी आमचा उजवा खांदा आखडला. सहा महिने फळ्यावर वरच्या ओळीत लिहिणेही अशक्य झाले होते आणि विद्यार्थ्यांस आमचे सर्व विचार फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात वाचावे लागले. व्यायामाने खांदा मोकळा झाला. परंतु काठीचा पूर्वीचा घेर पुन्हा आला नाही, आणि घेराबरोबर वेगही गेला. अशा स्थितीत आम्ही सराव-मैदानावर एका यंत्रापुढे उभे राहिलो. ही यंत्रे आता पुष्कळ ठिकाणी असतात. चेंडूचा वेग, उड्डाणाचा कोन, फिरकी, हवेतील पल्ला आणि उतरण्याचा कोन ती तत्काळ आकड्यांत सांगतात. प्रत्येक काठीने दहा-दहा चेंडू मारले. तीन क्रमांकाचा एक उत्तम चेंडू साताच्या उत्तम चेंडूपेक्षा पंधरा यार्ड पुढे गेला हे खरे. पण दहांतले तसे दोनच. उरलेले कोठे गेले याचे वर्णन न केलेले बरे. साताचे दहांपैकी आठ चेंडू एकमेकांपासून फार दूर नव्हते. दहांची बेरीज करून दहांनी भागले असता सात क्रमांकच पुढे होता. सरासरी काढण्याची सवय ज्यांनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या त्यांस असतेच. परंतु आपल्या पराक्रमाची सरासरी काढण्यास मात्र मन तयार होत नाही. तेथे मनुष्य आपला सर्वांत मोठा तडाखा तेवढा स्मरणात ठेवतो आणि तोच आपला नेहमीचा, असे मानून काठी निवडतो.

तथापि, प्रतिपक्षाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. उंच जाणारा चेंडू वाऱ्याचा गुलाम असतो. आषाढात पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन खेळू लागले म्हणजे साताचा चेंडू आकाशात थबकतो आणि शरणागतासारखा तेथेच उतरतो. तिनाचा ठेंगणा चेंडू वाऱ्याखालून निसटतो. तसेच चैत्र-वैशाखात दख्खनची भूमी तापून घट्ट झाली म्हणजे खाली पडलेला चेंडू तीस-चाळीस यार्ड सहज धावतो. तेथे उंची म्हणजे निव्वळ नुकसान. शिवाय काठीच्या तळावर कोरलेला क्रमांक हा काही वेदवाक्य नव्हे. एका कारखान्याचे सात दुसऱ्याच्या पाचाच्या जवळ असू शकते. म्हणून क्रमांक न पाहता अंश पाहावे, दांड्याची लांबी पाहावी, आणि आपल्या पिशवीतील खालच्या काठीशी त्याचे अंतर किती पडते ते पाहावे. काही काठ्यांची मान फिरवून कल कमी-अधिक करता येतो. परंतु कल वाढविला की तोंडही किंचित आत मिटते, आणि ज्याचा चेंडू मुळातच डावीकडे वळतो त्यास ते बाधते. 'हायब्रिड' नावाची जी संकरित जात अलीकडे रूढ झाली आहे, ती त्याच अंशांत असली तरी तिचा दांडा आखूड आणि डोके लहान असते. दाट गवतात ती अधिक चपळ. परंतु चेंडू उंच नेऊन उभा उतरविण्यात लाकूड तिच्या पुढे आहे.

आमच्या बाजूने निकाल पडला तो जमिनीमुळे. आमच्या मैदानावर हरळी आहे. गणपतीस आपण ज्या दूर्वा वाहतो त्याच त्या. श्रावण-भाद्रपदात ती इतकी माजते की, चेंडू तिच्यावर न बसता तिच्यात बसतो. तेथे तीन क्रमांकाचे मोठे डोके गवतात अडखळते आणि पंधरा अंशांचे तोंड चेंडूखाली शिरू शकत नाही. साताचे लहान डोके शिरते. शिवाय उंचावरून उभा उतरलेला चेंडू ग्रीनवर पडतो तेथेच दोन उड्या मारून थांबतो; सपाट आलेला चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या वाळूत जातो. एवढे सर्व विवरण ऐकून आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, तेरा काठ्या असताना आणखी एक कशाला? आणि ही घ्यायचीच तर जुनी कोणाला तरी देऊन टाका, घरात अडगळ नको." आम्ही वापरलेले लाकूड निम्म्या किमतीत घेतले असे सांगितल्यावर त्यांचा विरोध मावळला. जुन्याविषयी मात्र आम्ही मौन पाळले. ते कपाटात उभे आहे आणि वैशाखात पुन्हा बाहेर पडणार आहे.

इतक्या साध्या, हिशोबी गोष्टीस तीन महिने का लागावेत? त्याचे कारण गणितात नाही. सात व नऊ क्रमांकांची लाकडे ही बायकांची आणि म्हाताऱ्यांची, असा एक समज पुरुषांच्या बैठकीत फार दिवस चालत आलेला आहे. समज दुहेरी अन्यायाचा आहे. ज्या स्त्रिया कमी वेगाने मारूनही चेंडू नेमका ग्रीनवर उतरवितात त्यांची कला त्यात हीन ठरते. आणि जो वयस्क खेळू इच्छितो त्यास लाजविले जाते. आमचे अभियंते स्नेही या समजाचे कट्टर अनुयायी. सहा वर्षांपूर्वी त्यांचा पल्ला घटू लागला. लांबच्या होलवर आम्ही जेथे तीन तडाख्यांत पोचत होतो तेथे त्यांस पाच लागू लागले. कोणीतरी त्यांस सात क्रमांक सुचविला, तेव्हा ते उसळून म्हणाले, "ज्या दिवशी सात नंबर हाती धरावा लागेल, त्या दिवशी मी पिशवीच खुंटीला टांगीन." पिशवी त्यांनी टांगली. गेल्या दिवाळीपासून ते मैदानावर आलेले नाहीत. आधी गुडघ्याचे कारण सांगत. मग ते सांगणेही थांबले. ज्यांनी आम्हांस चालावयास शिकविले, ते आता आरामखुर्चीत बसून दूरचित्रवाणीवर दुसऱ्यांचा खेळ पाहतात. आणि आम्ही भेटावयास गेलो की, पूर्वी आपण अमुक होलवर दोनच तडाख्यांत कसे पोचलो होतो, ते सांगतात. ते वर्णन ऐकताना आम्हांस गहिवरून येते. कारण ते खरे आहे.

त्यांच्यासाठीच आम्ही येथे एक हकीकत लिहून ठेवतो. १९३५ सालच्या एप्रिलात अमेरिकेतील ऑगस्टा येथील स्पर्धेत, जिला पुढे 'मास्टर्स' हे नाव पडले, जीन साराझेन हा खेळाडू शेवटच्या दिवशी क्रेग वुडच्या तीन तडाख्यांनी मागे होता, आणि वुडचा खेळ आटोपलेला होता. पंधराव्या होलवर दुसऱ्या तडाख्यास साराझेन उभा राहिला तेव्हा भोक सुमारे २३५ यार्डांवर होते आणि मध्ये पाणी होते. त्याच्या पिशवीत तीन क्रमांकाचे लाकूडही होते आणि चाराचेही. पल्ला पाहणाऱ्याने तीनच उचलले असते. परंतु चेंडू गवतात जरा दबून बसला होता. तिनाने तो वर येणार नाही हे साराझेनने ओळखले, कॅडीशी मसलत केली आणि अधिक कललेले चार क्रमांकाचे लाकूड घेतले. चेंडू पाणी ओलांडून ग्रीनवर उतरला आणि भोकात गेला. एका फटक्यात तीन तडाख्यांचे अंतर भरून निघाले. दुसऱ्या दिवशी छत्तीस होलांच्या निर्णायक फेरीत साराझेनने वुडचा पाच तडाख्यांनी पराभव केला. त्या तडाख्याची कीर्ती आज नव्वद वर्षांनंतरही टिकून आहे. लोक त्याचा पल्ला वाखाणतात. आम्हांस वाखाणावीशी वाटते ती त्या आधीची निवड. साराझेन तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. त्याने अधिक कलाचे लाकूड घेतले ते बाहूंत बळ नव्हते म्हणून नव्हे. चेंडू जेथे पडला होता तेथून तो वर निघावा म्हणून.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर तेही आहे. २०२० साली, साथीमुळे एप्रिलऐवजी नोव्हेंबरात झालेल्या त्याच ऑगस्टाच्या स्पर्धेत डस्टिन जॉन्सनने २६८ तडाख्यांत चार फेऱ्या पुऱ्या करून त्या स्पर्धेचा विक्रम केला. हा जॉन्सन आपल्या काळातील लांब पल्ल्याच्या खेळाडूंत गणला गेलेला, सहा फूट चार इंच उंचीचा धिप्पाड पुरुष. त्याच्या पिशवीत एकवीस अंशांचे सात क्रमांकाचे लाकूड होते. ते बायकांचे लाकूड आहे असे त्यास कोणी तोंडावर म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता वाचक म्हणतील की, प्राध्यापक महाशय, हे सर्व आपण स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी लिहीत आहात. असेलही. परंतु या काठीने आम्हांस एक गोष्ट आमच्या धंद्याविषयीही उमगली, ती सांगून टाकतो. पंचविशीत आम्ही वर्गात उभे राहिलो तेव्हा आमचा सारा भर पल्ल्यावर होता. एका तासात अ‍ॅरिस्टॉटलपासून आरंभ करून आपल्या शतकापर्यंत यावे, शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याच्याही डोक्यावरून विद्वत्तेचा तडाखा जावा, आणि घंटा होताच मुलांनी दिपून बाहेर पडावे, अशी आमची आकांक्षा असे. मुले दिपत, आणि चेंडू भिंतीपलीकडे निघून जाई. आता निवृत्तीस फार वर्षे उरली नाहीत. हल्ली आम्ही एका तासात एकच मुद्दा घेतो. त्यास पुरेसा उंच जाऊ देतो, म्हणजे मुलांस तो दुरून येताना दिसतो. आणि तो जेथे उतरवावयाचा तेथेच उतरला की नाही, एवढेच पाहतो. पुढचा तास आला की तो तेथेच सापडतो. हे बळ कमी झाल्याने घडले की समज वाढल्याने, याचा निवाडा आम्हांस करता येत नाही. आणि दोन्ही एकाच वेळी घडली असतील तर तो निवाडा करण्याची गरजही उरत नाही.

माणसाच्या वयाबरोबर त्याच्या हातून काही गोष्टी सुटतात, हे उघड आहे. ज्या सुटतात त्यांसाठी शोक करावा किंवा करू नये, हा ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा प्रश्न. परंतु एक सुटली म्हणून दुसरी आपण होऊन फेकून देणे हे निराळे. पल्ला गेला, पहाट गेलेली नाही, हरळीवरचे दव गेलेले नाही, चार मैलांची वाट गेलेली नाही, आणि बरोबर चालणारा मनुष्यही, देवाच्या दयेने, गेलेला नाही. तो आपल्या घरी रुसून बसला आहे इतकेच. सहा अंशांच्या फरकासाठी इतके सारे टाकावे, हा व्यवहार एका अभियंत्यास शोभत नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही गेल्या आठवड्यात त्यांस पत्राने कळविले आहे. दूरध्वनीवर ते वाद घालतात; पत्रावर त्यांस वाद घालता येत नाही, म्हणून पत्र. सोबत नवव्या होलचा एक लहानसा नकाशाही काढून पाठविला आहे. त्यात ओढा, ओढ्यापलीकडची वाळू आणि ग्रीन ही सर्व यार्डांसह दाखविली असून, आमच्या साताचा चेंडू ज्या वक्राने तेथे उतरतो तो तुटक रेषेने काढला आहे. धरणांचे नकाशे वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांस ती रेषा पाहून तीत एखादी चूक काढण्याचा मोह आवरणार नाही, असा आमचा भरवसा आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. मामांस मात्र आम्ही सांगून ठेवले आहे की, येत्या रविवारी कदाचित दोन पिशव्या असतील.